अनुभव धागा: कुत्रा घेऊन येणारे पाहुणे आणि आपलं आंगण, वावर, धुरा

ताडोबा, पेंच, नवेगाव-नागझिरा, मेळघाट, सगळीकडे होमस्टे आणि फार्मस्टे वाढून राहिले, आणि त्यातले बरेच जण आता जाहिरातीत 'पेट्स चालतील' असं टाकतात. पाहुणा फोनवर विचारतो की बाहेर मोकळी जागा आहे ना, आपण हो म्हणतो. पण त्याच्या डोळ्यांसमोर भिंतीच्या आतलं हिरवं लॉन असतं, आणि आपल्याकडे आंगण, गोठा, मागे सांदवाडी म्हणजे परसबाग, मग वावर म्हणजे शेत, आणि धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडे, झुडपी जंगल. तो फरक बुकिंगआधी नीट सांगितला नाही तर त्याचा त्रास शेवटी त्या मुक्या जिवाला होतो, म्हणून हा धागा काढतोय. जागा चालवणारे, तिथे काम करणारे, कुत्रा घेऊन जाणारे, शेजारचे शेतकरी, सगळ्यांनी लिहा. काय सांगता, कधी सांगता, आणि सांगूनही काय अडचण येते ते लिहा. जागेचं नाव नको, भाग सांगितला तरी पुरे.

मोहर्लीकडून, ताडोबा बफर

आमच्याकडे सगळ्यात मोठा प्रश्न सफारीच्या वेळेचा. व्याघ्र प्रकल्पात कुत्रा नेता येत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं, पण मग सकाळी अंधारात जिप्सीत बसायचं आणि दहा-साडेदहापर्यंत परत यायचं तर मधल्या वेळात कुत्र्याचं काय, हा विचार कित्येक जण इथे पोचल्यावरच करतात. "आवारात सोडून जातो ना, एवढी जागा आहे" असं म्हणतात. मी स्पष्ट नाही म्हणतो. अनोळखी जागी मालक दिसत नाही म्हटल्यावर शांतातला शांत लॅब्रेडॉरही गेट उकरतो, आणि पहाटेची वेळ म्हणजे बिबट्याचीच वेळ. गावातली कुत्री बिबट उचलून नेतो ही आमच्याकडे बातमी नाही, इथल्या कुणालाही विचारा. म्हणून बुकिंगच्या फोनवरच माझा पहिला प्रश्न असतो की सफारीला सगळे जाणार की एक जण मागे थांबणार. सगळे जाणार असतील तर कुत्रा आणू नका, किंवा पाळीपाळीने जा, एक सकाळी एक दुपारी.

आम्ही खोल्यांच्या मागे चेनलिंक जाळीचा एक बंदिस्त भाग केलाय, सहा फूट उंच, खालून जाळी गाडलेली आणि वर दगडं लावलेली. तो पाहून लोक खूश होतात आणि लगेच विचारतात, रात्री यात ठेवू का? नाही. ती जाळी कुत्र्याने बाहेर जाऊ नये म्हणून आहे, बिबट्याने आत येऊ नये म्हणून नाही. बिबट्याला सहा फूट म्हणजे काहीच नाही, तो झाडावर शिकार घेऊन चढणारा प्राणी आहे. हे मी असंच्या असं बोलतो, लोक थोडे घाबरतात, घाबरू दे. दिवस मावळला की कुत्रा खोलीत, आणि रात्री शू करायला न्यायचाच असेल तर पट्टा हातात, टॉर्च सुरू, आणि आमचा माणूस सोबत. मुलंसुद्धा एकटी नाही.

वरूडकडून, संत्र्याच्या बगीच्यातलं घर

आमचा बगीचा हाय, त्यातच दोन खोल्या बांधल्या. पाहुण्याले वाटते का पूर्णच्या पूर्ण बगीचा आपल्याले फिराले भेटला. फोटोत झाडाले पिवळी संत्री लटकून राहिली, खाली हिरवंगार गवत, कुत्रा पयून राहिला, असं त्याच्या मनात बसलेलं रायते. पन तो उन्हाळ्यात येते अन् पायते तं बगीच्यात ढेकलं, झाडाभोवती आळे अन् ठिबकच्या नळ्या. त्या नळ्या म्हंजे कुत्र्याच्या पोराचा जीव की प्राण. दाताखाली कराकरा चाबलते, पानी उडते, त्याले अजूनच मजा येते. नळी तुटली अन् दिसली नाई तं दोन दिवसात ते झाड पान टाकते. म्हून मी आता झाडाच्या रांगा दाखवून सांगतो, या चुन्याच्या पट्ट्याच्या आत तुमचं, बाहेर आमचं.

पन खरी गोष्ट फवारणीची. हे मी कोनालेच सोडत नाई. २०१७ मंधी यवतमाळात फवारणी करता करता किती शेतकरी, मजूर गेले ते आपन सगळ्यायनं पाह्यलं, मानसाचं असं तं गवतात नाक घालनाऱ्या कुत्र्याचं काय. ते पाय चाटते, थेंब पोटात जाते. ज्या हप्त्यात फवारा हाय त्या हप्त्यात पेटवाल्यायचं बुकिंग मी घेतच नाई, अन् आधीच घेतलं असन तं फोन करून तारीख बदलाले सांगतो. शेजाऱ्याच्या बगीच्यात फवारा असला तरी सांगतो, हवा काही धुरा पाहून थांबत नाई. पैसे वापस मांगतले तं देतो.

नागपूरहून, लॅब्रेडॉर पाळणारी

मी दुसऱ्या बाजूने लिहिते. आम्ही आमच्या लॅबला घेऊन पेंचकडे बरेचदा जातो. एका ठिकाणी 'पूर्ण कुंपण' लिहिलेलं होतं आणि गेल्यावर पाहिलं तर तीन बाजूंना जाळी आणि चौथ्या बाजूला बांबूची ताटी, तिच्याखालून एवढी फट की आमची बया पोटावर सरपटत पहिल्या तासातच बाहेर, आणि पुढे जबलपूर हायवे. ट्रक कसे जातात तिथून ते माहितीये ना. सापडली, पण त्या अर्ध्या तासात माझे हातपाय गार पडले होते, आणि मालकांचं म्हणणं काय तर आमची कुत्री तर कधी जात नाहीत. अहो तुमची कुत्री तिथलीच आहेत, ती का जातील!

त्याउलट एक काकू आहेत, त्यांनी मी न मागता व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला. मोबाईल हातात धरून कुंपणाच्या कडेकडेने चालल्या, प्रत्येक कोपऱ्यात थांबल्या, "हे बघा इथं गेट हाय, याची कडी ढिली हाय, दोरी बांधाय लागते", "इथं कोंबड्या", "हा आमचा मोती, नर हाय, दुसऱ्या नरावर गुरगुरते". आणि तो व्हिडिओ त्याच आठवड्यातला होता, मागच्या ऑगस्टमधला नव्हता. त्या व्हिडिओत सुंदर असं काहीच नव्हतं, पण मी तिथल्या तिथे पैसे पाठवले. आम्हाला लॉन नको असतं हो. काय आहे ते आधी कळलं की आम्ही लांब दोरी आणतो, किंवा आणतच नाही तिला.

नवेगाव बांधकडून

थोडक्यात लिहितो. आमच्या बाजूला पाहुण्यांचं लक्ष तलावावर. मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) दिसला की लॅबवाले विचारतातच, पोहू देऊ का. घर आमचं असलं तरी तलाव आमचा नाही, मच्छीमार संस्थेचा ठेका असतो, पाण्यात जाळी टाकलेली असतात, कुठे शिंगाड्याचे वेल. जाळ्यात पाय गुंतला तर कुत्रा बुडतो, आणि जाळं फाटलं तर मासेमारी करणाऱ्या ढीवर भावांची दिवसाची कमाई जाते. आमची घरची बोडी म्हणजे छोटं तळं आहे, गुडघाभर पाणी, तिथे चालेल असं सांगतो. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मात्र पाय टाकायचा नाही, न कुत्र्याने न माणसाने.

चिखलदऱ्याहून

आमचं उलटं, लोक थंड हवा म्हणून येतात, आणि गाव हजार मीटरच्या वर असल्यामुळे हवा असतेही थंड. पण पावसाळ्यात धुकं असं उतरतं की दहा पावलांवरचं दिसत नाही, आणि आमचं आवार जिथे संपतं तिथून पुढे दरी आहे. पट्टा सोडायचा नाही, बस्स. आणि वानरं! पत्र्यावर टोळी उड्या मारायला लागली की शहरातलं कुत्रं भुंकून भुंकून घसा बसवून घेतं. हे आधी सांगितलं की निदान कुणी तक्रार करत नाही, सकाळी सहाला पत्रा वाजणार हे त्यांना माहीत असतं.

उमरेडकडून, फार्मस्टेच्या बाजूचा शेतकरी

मी होमस्टेवाला नाही, माझं वावर त्यांच्या वावराला लागून आहे. आमच्यात काटेरी तारही नाही, फक्त धुरा आहे, त्यावर दोन पळसं आणि बोरी. पाहुणे पाहून राहिले की सगळं सलग दिसतं, त्यांना काय कळणार कुठे कोणाचं संपलं. संध्याकाळी त्यांचा जर्मन शेफर्ड माझ्या हरभऱ्यातून उभा-आडवा पळतो, मागून दोन मुलं. घाटे धरायच्या वेळेला ते झाड मोडलं की मोडलंच. आणि कोंबड्या. गावरान कोंबडी गेली की लोक पाकिटातून पाचशे काढून देतात आणि म्हणतात झालं ना काका. ती अंड्यावर बसलेली होती, तिच्याखालची अंडीही गेली, ते कोण मोजणार. मला भांडायचं नाही, बाजूवाल्याशी माझे चांगले संबंध आहेत. त्याने आता येणाऱ्याला पहिल्याच दिवशी धुऱ्यावर आणून माझी ओळख करून देणं सुरू केलं, "हे वावर काकांचं" म्हणून. तेव्हापासून लोक मला नमस्कार करून विचारतात.

एक गोष्ट सगळ्यांनी आपापल्या पाहुण्यांना सांगा. रानडुक्कर आणि रोह्यांसाठी (नीलगायींसाठी) आमच्याकडे कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावलेली असते. ती झटका देऊन सोडते, मारत नाही, पण कुत्र्याच्या ओल्या नाकाला लागली की ते असं सुसाट पळतं की तासभर सापडत नाही. आणि काही लोक अजूनही चोरून थेट लाईनचा करंट तारेत सोडतात, तो गुन्हा आहे, त्याने वाघही मेले आणि माणसंही मेली. म्हणून अंधारात कोणाच्याही शेतात जाऊ नका म्हणतो, वाघाच्या भीतीनेच नाही.

गुरांचा डॉक्टर, गोंदिया जिल्हा

वर लिहिलेलं सगळं बरोबर, मी उपचाराच्या बाजूचं जोडतो. पावसाळा संपला की गवताला कुसळ येतं. फोटोत ते सोनेरी गवत फार छान दिसतं आणि पाहुण्यांना त्यातच कुत्र्याचे फोटो काढायचे असतात. ते कुसळ बोटांच्या बेचक्यात शिरतं, एकाच दिशेने आत सरकत जातं, चार-पाच दिवसांनी पंजा सुजतो, तोवर पाहुणे मुंबईला पोचलेले असतात. कानात गेलं तर कुत्रं डोकं एका बाजूला झुकवून झटकत राहतं. रोज संध्याकाळी पंजे आणि कान उघडून बघा, हे चिकटवून ठेवा खोलीत. गोचीड तसंच, गोठ्याजवळ जास्त.

एप्रिल-मे मध्ये चंद्रपूरचा पारा ४५ च्या वर जातो. हस्की, पग अशी कुत्री घेऊन येऊ नका असं सांगायला लाजू नका. फरशीवर हाताची मागची बाजू टेकवा, आपल्याला सहन होत नसेल तर पंजालाही होत नाही. हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल अडखळती दिसली तर साधं पाणी अंगावर, पंखा, आणि ताबडतोब डॉक्टर. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किती किलोमीटरवर आणि किती वाजेपर्यंत उघडा, हेही जागेच्या माहितीतच द्या.

आणि लसीचं कार्ड मागाच. रेबीजचं तर हवंच, पण डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाचंही. २०१८ मध्ये गीरच्या सिंहांमध्ये हा डिस्टेंपर सापडला होता. आपली गावची कुत्री जंगलाच्या काठावर राहतात, वाघ-बिबट त्याच पाणवठ्यावर येतात.

पुन्हा मोहर्लीकडून

दोघातिघांनी विचारलं की नेमकं काय लिहून पाठवता, तर हे, तसंच्या तसं उचला, आपापल्या जागेप्रमाणे बदला:

"नमस्कार. आमच्याकडे कुत्र्याचं स्वागत आहे. बंदिस्त जागा साधारण ३० बाय २० फूट, सहा फुटी जाळी, त्यात माती आहे, लॉन नाही. सध्या गवत वाळलेलं आहे, आजचा व्हिडिओ सोबत. बाकी वावर आमचं आहे पण त्याला कुंपण नाही, तिथे पट्टा लागेल. आवारात दोन कुत्री, चार शेळ्या आणि कोंबड्या आहेत. सूर्य मावळल्यावर कुत्रा खोलीत. खोलीत एकटा सोडता येणार नाही, सफारीची वेळ त्याप्रमाणे ठरवा. लसीच्या कार्डाचा फोटो पाठवा. हे चालत असेल तरच अ‍ॅडव्हान्स टाका, नाही चालत असेल तर कुत्रा घरी ठेवून या, तेव्हाही खोली आहे."