भाड्याचं घर आपल्यालाच मिळावं म्हणून काय केलंत? अनुभव लिहा

सकाळी जाहिरात लागते, दुपारी फोन उचलणं बंद होतं आणि संध्याकाळी "गेलं हो ते घर" एवढंच ऐकायला मिळतं. घर पसंत आहे, भाडं परवडतंय, तरी ते आपल्याला मिळेल याची खात्री नसते, कारण त्याच घरासाठी आणखी कितीतरी जण रांगेत असतात आणि निवड मालकाच्या हातात असते.

घर कुठे शोधावं यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. सापडलेलं घर हातचं जाऊ नये म्हणून काय केलं आणि त्यातलं खरोखर काय लागू पडलं, ते इथे लिहाल का? गावाचं नाव आणि भाड्याचा आकडा नाही दिलात तरी चालेल, तो जागोजागी वेगळाच असणार. मालक किंवा एजंट असाल तर तुम्ही तर नक्कीच लिहा.

सुरुवात मी करते. आमचं काम झालं ते पहिल्या मेसेजमुळे. "घर आहे का अजून?" असं विचारणारे ढिगाने असतात. आम्ही असं लिहायचो: "नमस्कार, आपल्या दोन खोल्यांच्या घराची जाहिरात पाहिली. आम्ही दोघं, दोघंही नोकरीला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून, किमान दोन वर्षांसाठी घर हवं आहे. कागदपत्रं तयार आहेत. उद्या किंवा परवा संध्याकाळी सहानंतर बघायला येऊ शकतो." मालकाला जे पाच प्रश्न विचारायचेच असतात त्यांची उत्तरं यात आधीच आली. ज्यांनी घर दिलं त्या काकूंनी नंतर सांगितलं की फोन करावासा वाटला असा हा एकच मेसेज होता.

कागदपत्रांची एकच फाइल करून फोनमध्ये ठेवली होती: ओळखपत्र, नोकरीचं पत्र, पगाराच्या शेवटच्या तीन स्लिपा, बँक स्टेटमेंट, आधीच्या घरमालकांचं पत्र. प्रत्येक प्रतीवर आडवं लिहिलेलं, "फक्त भाडेकरारासाठी", आणि खाली तारीख. खाते क्रमांकाचे मधले आकडे झाकलेले. हे कागद कुठे कुठे फिरतात कोण जाणे, एवढी काळजी घ्याच. आणि घर बघण्याआधी पूर्ण फाइल कोणालाही पाठवू नका.

शाईची दौत

मी घर भाड्याने देणारी, म्हणजे पलीकडच्या बाजूची. मालकाच्या मनात काय चालतं ते सांगते.

आम्हाला तीन गोष्टींची धास्ती असते: भाडं वेळेवर येईल का, घर नीट राहील का, आणि ठरलेल्या दिवशी माणूस घर सोडेल का. समोरचा कितीही गोड बोलला तरी डोक्यात हेच घोळत असतं. ज्याच्या बोलण्यातून यांची उत्तरं मिळतात त्याच्याकडे मन झुकतं.

आत्ताचे भाडेकरू घर बघायला आले तेव्हा त्या मुलाने स्वयंपाकघरातला नळ सोडला, वाकून सिंकखालचा पाइप बघितला आणि विचारलं, "मेन कॉक कुठे आहे?" बरोबर आलेल्या नातेवाइकाला तो चिकित्सक वाटला. मला उलट बरं वाटलं. गळती सुरू झाली तर हा माणूस पहिल्या दिवशी फोन करेल, भिंत ओली होऊन रंग सुटेपर्यंत थांबणार नाही, हे तेव्हाच कळलं. आणि तसंच झालं आहे.

त्याच घरासाठी एक गृहस्थ ठरल्यापेक्षा जास्त भाडं द्यायला तयार होते. नाही दिलं. कागद मागितले की "ते बघू नंतर" म्हणायचे. जास्तीच्या पैशापेक्षा दर महिन्याला न मागता हातात पडणारं भाडं मला मोलाचं वाटतं.

आणखी एक. मी चौकशीचा फोन आत्ताच्या घरमालकाला करत नाही, त्याच्या आधीच्याला करते. आत्ताच्याला भाडेकरू नकोसा झाला असेल तर तो तोंडभरून कौतुक करेल. आधीच्याला खोटं बोलायचं काही कारणच उरलेलं नसतं. तेव्हा जुन्या मालकांशी संबंध चांगले ठेवा, घर सोडतानाच दोन ओळी लिहून घ्या: कधीपासून कधीपर्यंत राहिले, भाडं वेळेवर दिलं का, घर कसं परत केलं.

पायवाट

शाईची दौत, ताई, शेवटचा मुद्दा मलाही माहीत नव्हता. आजच जुन्या काकांना फोन करतो.

महिनाअखेर

मी फ्रीलान्स काम करतो, पगाराची स्लिप नाही. एका महिन्यात भरपूर पैसे येतात, दुसऱ्यात अगदीच थोडे. मालकाने स्टेटमेंट उघडलं की त्याची नजर नेमकी त्या रिकाम्या महिन्यावर जाते.

म्हणून मी एका पानाचा तक्ता केला. मागच्या बारा महिन्यांची जमा, त्याखाली सरासरी आणि सर्वांत कमी मिळकतीचा महिना वेगळा काढून. सर्वांत कमी महिन्यातही भाडं निघत होतं हे त्यात सरळ दिसत होतं, आणि कमी पडलं तर शिलकीतून किती महिने निघतील तेही लिहिलं होतं. सोबत दोन वर्षांचे आयकर विवरण आणि एका जुन्या ग्राहकाचं पत्र. मालकांनी तो तक्ता शांतपणे वाचला आणि पहिला प्रश्न विचारला तो राहायला कधी येणार हा.

वर्षभराचं भाडं एकदम आगाऊ देऊन टाका असा सल्ला बरेच देतात. मी दिलं नाही, तुम्हीही विचार करून द्या. घरात काही बिघडलं आणि मालक लक्ष देईना, तर सगळे पैसे आधीच त्याच्या हातात गेलेले असतात. काही ठिकाणी कायद्यानेही आगाऊ रकमेवर मर्यादा असते, ती बघून घ्या.

दोन मांजरी

नावावरून कळलंच असेल. आमच्याकडे दोन मांजरी आहेत आणि "प्राणी चालणार नाहीत" हे वाक्य आम्ही फार ऐकलंय.

आम्ही फोनवरच सांगून टाकतो. नकार यायचा असेल तर तो तिथेच येऊ दे. लपवून घर घेतलं तर करार मोडल्याचं निमित्त कायम डोक्यावर टांगलेलं राहतं, आणि मुक्या जिवांना घेऊन घाईघाईने दुसरं घर शोधणं किती अवघड असतं ते ज्याने पाळलंय त्यालाच कळेल. हो म्हणणाऱ्यांना आम्ही लसीकरणाची वही, नसबंदीचा दाखला आणि आधीचं घर सोडताना काढलेले फोटो दाखवले: दारांच्या चौकटी, पडद्यांच्या कडा, कोपऱ्यातली फरशी. मालकाला मांजरीचा फोटो बघायचा नसतो, चौकट बघायची असते. नुकसान झालं तर भरपाई आमची, असं कलम आम्ही स्वतःहून करारात घालायला सांगितलं. घर मिळालं.

कोरी वही

पहिली नोकरी, नवं शहर, आधीचा घरमालकच नाही. तेव्हा काय दाखवायचं? मी वसतिगृहाच्या अधीक्षकांकडून पत्र आणलं की इतकी वर्षं राहिली, शुल्क थकलं नाही, तक्रार नाही. कंपनीच्या पत्रात पगार आणि नोकरी कायमस्वरूपी असल्याचं लिहून घेतलं. आणि मामा जामीनदार राहिले.

जामीनदार नेमताना त्यांना नीट समजावून सांगा. मी भाडं चुकवलं तर ते मामांच्या खिशातून जाणार होतं. त्यांची जबाबदारी किती काळ आणि किती रकमेपर्यंत, हे आम्ही लेखी घेतलं. करार वाढवला तर ती आपोआप वाढणार नाही असंही त्यात आहे. मामांनी सही करण्याआधी सगळं दोनदा वाचायला लावलं, ते बरंच झालं.

उंबरठा

वरचे सगळे सल्ले चांगले आहेत, आम्ही ते सगळे पाळले होते. पूर्ण फाइल, दोन पगार, जुन्या मालकांचं सुंदर पत्र. फोनवर सगळं जमायचं, आडनाव सांगितलं की घर "कालच गेलेलं" असायचं. तेच घर आठवडाभराने परत जाहिरातीत दिसायचं.

इथे वाचणाऱ्या आणि असंच भोगलेल्या प्रत्येकाला सांगायचंय की तुमच्या तयारीत काही कमी नव्हतं. वेगवेगळ्या देशांत संशोधकांनी एकच मजकूर फक्त अर्जदाराचं नाव बदलून पाठवून पाहिलाय, आणि नावाप्रमाणे उत्तरांचं प्रमाण बदलतं हे पुन्हा पुन्हा दिसलंय. हा दोष अर्जदाराचा नाही.

आम्हाला दोन गोष्टींचा उपयोग झाला. एक, नाव आणि कुटुंबाची माहिती पहिल्याच मेसेजमध्ये देणं, म्हणजे निदान जाण्यायेण्यात संध्याकाळ वाया जात नाही आणि मन उगाच गुंतत नाही. दुसरी, ओळखीचा माणूस. माझ्या सहकारी बाईंनी त्यांच्या घरमालकांना फोन करून "मी यांना ओळखते" एवढंच सांगितलं आणि दार उघडलं. जिथे असा भेदभाव कायद्याने बंद आहे तिथे मेसेज जपून ठेवा आणि तक्रार करा. आम्ही केली आहे, निकाल यायचाय.

(धागाकर्ती)

उंबरठा, हे लिहिलंत याबद्दल मनापासून आभार. मालक वाचत असतील तर कृपया हे दोनदा वाचा.

किल्ली

मी एजंट आहे. थोडक्यात लिहितो.

निर्णय घेणारी सगळी माणसं एकदमच घर बघायला आणा. "घरी विचारून सांगतो" म्हणून गेलेल्यांच्या मागे पुढचा माणूस टोकन देऊन जातो. उशीर होणार असेल तर कळवा. घर आवडलं नाही तर तेही त्याच दिवशी आणि कारणासकट सांगा. ऊन येत नाही, जिना चढवत नाही, काय असेल ते. असं सांगणारे लोक माझ्या लक्षात राहतात आणि पुढचं घर जाहिरात लागण्याआधी मी त्यांना दाखवतो. यादी मोठी करू नका. "अमुक हवंच" आणि "असलं तर बरं" असे दोनच भाग करून द्या.

हिशेबवही

भाडं उत्पन्नाच्या ३० टक्क्यांच्या आत हवं असं सगळे म्हणतात. हा मापदंड मुख्यतः अमेरिकेतल्या सरकारी घरांच्या नियमांतून आलाय: १९६९ मध्ये भाड्याची मर्यादा उत्पन्नाच्या २५ टक्के होती, १९८१ मध्ये ती ३० झाली. आपल्यासाठी तो काही निसर्गनियम नाही. पण बरेच मालक आणि एजंट मनात हाच हिशेब धरतात, त्यामुळे त्याहून वरच्या घरासाठी अर्ज करताना शिल्लक, जामीनदार किंवा कर्ज नसल्याचा पुरावा सोबत ठेवा. जिथे मालक क्रेडिट अहवाल मागतात तिथे तो आधी स्वतः काढून बघा. माझ्या अहवालात फेडलेलं कर्ज थकीत दिसत होतं. ते दुरुस्त व्हायला वेळ लागतो, घर पसंत पडल्यावर तेवढा वेळ मिळत नाही.

रातवा

घाईचा फायदा घेणारे लुबाडू याच गर्दीत फिरत असतात, म्हणून लिहितो. मालक परदेशात, किल्ली कुरियरने येणार, आधी डिपॉझिट भरा, मागे बरेच लोक आहेत: हे चारही एकत्र ऐकू आले की मी थांबलो. जाहिरातीतला फोटो इंटरनेटवर शोधला तर तोच दिवाणखाना दुसऱ्याच शहरातल्या विक्रीच्या जाहिरातीत निघाला. घर आतून बघितल्याशिवाय आणि मालकीच्या कागदावरचं नाव ओळखपत्राशी जुळल्याशिवाय एक पैसाही देऊ नका. दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती घ्या, आणि टोकन कुठल्या परिस्थितीत परत मिळेल ते तिच्यावर लिहून घ्या.

आम्ही चौघी

मैत्रिणींनी मिळून घर घेत असाल तर भाडं एकाच खात्यातून जाईल असं मालकाला आधीच सांगा, त्यांची निम्मी काळजी तिथेच मिटते. मात्र करार नीट वाचा. बहुतेक वेळा एकीने भाडं बुडवलं तर बाकीच्यांना भरावं लागतं. आम्ही आपसात वेगळा कागद केलाय, मध्येच निघून जाणारीने काय करायचं याचा.

पायवाट

पुन्हा आलो. जुन्या काकांनी पत्र लिहून दिलं. वर कोणी लिहिलं नाही ते एक सांगतो. मागच्या वेळी आमचा नंबर दुसरा लागला होता. मी मालकांना लिहिलं, "हरकत नाही, कळवलंत याबद्दल आभार. त्यांचं काही कारणाने जमलं नाही तर आम्ही अजून तयार आहोत, कागद तुमच्याकडे आहेतच." पहिल्या कुटुंबाची बदली रद्द झाली. मालकांनी नव्याने जाहिरात दिलीच नाही, सरळ मला फोन केला.