मदत हवी आहे: पाइपातल्या पाण्याचा वेग कागदावर एक, शेतात जवळपास पाचपट

राम राम मंडळी. अंबड तालुक्यात मोसंबीची बाग आहे. शेततळ्यापासून बागेपर्यंत 75 एमएमची पीव्हीसी लाइन, 1200 फूट, जमीन सपाटच. शेजारच्या तुकड्याला तेवढ्याच लांबीची 63 ची टाकावी म्हणतोय, स्वस्त पडते. त्याआधी पाण्याचा वेग काढायला बसलो अन् तिथंच अडकलो.

टोकाला 200 लिटरचा ड्रम लावला, 40 सेकंदांत भरला. म्हणजे सेकंदाला 5 लिटर, 0.005 घनमीटर. पाइप आतून 70 एमएम भरला (75 हे बाहेरचं माप, हे मलाही परवाच कळलं). क्षेत्रफळ 3.14 × 0.07 × 0.07 = 0.0154. भागलं तर वेग सेकंदाला 0.32 मीटर.

या हिशोबानं 366 मीटर यायला 19 मिनिटं लागायला पाहिजेत. पुतण्यानं फूटव्हॉल्व्हजवळ (मोटर पाणी ओढते ते तळ्यातलं पाइपाचं तोंड) बांबूनं गाळ ढवळला, मी टोकाला मोबाइल धरून बसलो. पाच-पाच सेकंदाला त्याचा फोनवर धोशा, "काका, आलं का?" 3 मिनिटं 55 सेकंदांनी काळपट पाणी ड्रमात! चुकतंय कुठं?

प्रतिसाद 1
दादा, सूत्रात त्रिज्या घेतात, तुम्ही व्यास घेतला. 3.14 × 0.035 × 0.035 = 0.00385. आता भागा, 1.3 येतंय. व्यास घेतला की उत्तर बरोब्बर चौथाई होतं. डिप्लोमाला मीही यात मार्क घालवलेत.

धागाकर्ता
लाज आली राव. पण 1.3 नं पण 4 मिनिटं 40 सेकंद होतात. पाऊण मिनिट आधी कसं आलं?

प्रतिसाद 2
1.3 हा सरासरी वेग. पाइपाला चिकटलेलं पाणी जवळपास जागेवरच असतं, मधलं सगळ्यात जोरात पळतं, सरासरीपेक्षा साधारण 20 टक्के जास्त. गाळाची पहिली धार मधूनच येते. तुमचं घड्याळ बरोबर आहे.

63 चं मात्र बघा. आतून 59 धरला तर तेवढ्याच पाण्याला वेग 1.83. ठिबकच्या मेन लाइनला 1.5 च्या आत ठेवतात. घर्षणात जाणारा दाब दुपटीहून वाढतो, त्यामुळं त्याच मोटरवर 5 लिटर मिळणारच नाहीत. 75 च टाका.

धागाकर्ता
सहा पाइप आणून गोठ्यामागं टाकलेत. दुकानदार परत घेतो का बघतो सकाळी. आत्ता लाइट आली, दारं धरायला निघालो.