रक्तस्राव नजरेनं मोजू नका

नर्सिंगच्या अभ्यासक्रमात प्रसूतिशास्त्राचे तास वाढवावेत, अशी सूचना केली जाते. वाढवाच, पण त्या तासांत काय करून घेणार? बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आजही अनेक ठिकाणी नुसत्या नजरेनं जोखतात आणि तो अंदाज बहुधा कमीच निघतो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ई-मोटिव्ह चाचणीत केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियात बाळंतिणीखाली मापखुणांची प्लास्टिक पिशवी लावली. नेहमीच्या पद्धतीत ५१ टक्के अतिरक्तस्राव ओळखले गेले, इथं ९३! उपचारही एकामागून एक नाही, एकदमच: गर्भाशयाचं मालिश, गर्भाशय आकुंचित करणारं ऑक्सिटोसिन, रक्तस्राव थांबवायला मदत करणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड, सलाइन, तपासणी. गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी घटले. हे विद्यार्थिनींकडून सरावाच्या पुतळ्यावर, घड्याळ लावून, पुन्हा पुन्हा करून घ्या.