टोकियोत एप्रिलचा पहिला शनिवार-रविवार: हानामी आणि चहाविधी

वाटाड्या:
एप्रिलच्या पहिल्या शनिवार-रविवारी टोकियोत दोन दिवस मोकळे आहेत. शनिवारी साकुराखाली (बहरलेल्या चेरीच्या झाडाखाली) बसून हानामी, म्हणजे फुलं बघत डबा खाणं, रविवारी चहाविधी, बास. दहा ठिकाणी पळापळ नको. तोवर फुलं शिल्लक असतील का? झाडाखाली बसायचे नियम काय? शाकाहारी माणसाने डब्यात काय न्यावं? आणि चहाच्या वेळी पाहुण्याने नेमकं काय करायचं?

पानगळ:
टोकियोचा बहर हवामान खातं यासुकुनी देवळाच्या आवारातल्या एका ठरलेल्या झाडावरून जाहीर करतं. ५-६ फुलं उमलली की 'काइका', ८० टक्के उमलली की 'मानकाइ'. १९९१ ते २०२० ची सरासरी काइका २४ मार्च, मानकाइ ३१ मार्च अशी आहे. म्हणजे तुमचा शनिवार बहर ओसरण्याच्या काठावर येतो. थंडी टिकली तर फुलंही टिकतात. पावसाची एक जोरदार सर वाऱ्यासकट आली की झाडं रिकामी.

शहरातली बहुतेक झाडं सोमेइ-योशिनो या एकाच जातीची, तीही कलमांवर वाढवलेली. त्यामुळे एका भागातली सगळी एकदम फुलतात आणि एकदम झडतात. म्हणून ठिकाण असं निवडा जिथे अनेक जाती आहेत. माझं मत शिंजुकु ग्योएन या बागेला. तिथल्या इचियो, कानझान या भरगच्च पाकळ्यांच्या जाती उशिरा फुलतात, म्हणजे अगदीच हात हलवत परतावं लागत नाही. तिकीट ५०० येन; ऐन बहरातल्या सुट्टीच्या दिवशी आगाऊ नोंदणी लागू शकते, ते आधी बघा. दारूला बंदी आहे आणि बाग संध्याकाळी ६ ला बंद होते. रात्रीचे कंदील हवे असतील तर उएनो बाग. मेगुरो नदीकाठ चालण्यासाठी, तिथे पथारी पसरायला जागा नाही.

बसताना चटई खोडाला टेकवू नका. मुळं उथळ असतात, माती दाबली गेली की त्यांना हवा-पाणी मिळत नाही. फांदी वाकवून फोटो काढणंही नको, साकुराची जखम सहज कुजते. चपला चटईबाहेर. शंभर येनच्या दुकानात प्लॅस्टिकची चटई मिळते, पण ती पातळ असते. जमिनीचा गारवा थेट वर येतो, खाली पुठ्ठा घाला. ऊन उतरलं की थंडी वाजते (याला 'हानाबिए' असा खास शब्दच आहे), तेव्हा जाकीट हवंच. कचऱ्याचे डबे फारसे दिसणार नाहीत, दोन रिकाम्या पिशव्या जवळ ठेवा.

उकडीचा_मोदक:
डब्याबद्दल. गोड पदार्थांत बिनधास्त राहा. हानामी दांगो म्हणजे तांदळाच्या पिठीचे गुलाबी, पांढरा, हिरवा असे तीन गोळे काडीवर. त्याच दिवशी खा. फ्रिजमध्ये ठेवले की उकडीच्या पारीसारखे कडक होतात. साकुरामोची दोन तऱ्हांची: टोकियोकडची कणकेच्या नव्हे, मैद्याच्या पातळ धिरड्यात गुंडाळलेली, क्योतोकडची चिकट तांदळाच्या भरडीची. दोन्हींत आझुकी या लाल कडधान्याचं गोड पुरण, वरून साकुराचं खारवलेलं पान. पान खाल्लं तरी चालतं.

फसगत तिखटमिठाच्या पदार्थांत होते. इनारीझुशी दिसायला निव्वळ भात आणि तळलेला तोफू, पण तो तोफू बहुधा माशाच्या 'दाशी'त (अर्क उतरवलेल्या पाण्यात) शिजवलेला असतो. कोंबूच्या (समुद्री शेवाळाच्या) किंवा उमेबोशीच्या (खारवलेल्या आंबट फळाच्या) ओनिगिरीतही, म्हणजे भाताच्या मुटक्यातही, कात्सुओ, म्हणजे सुकवलेला बोनिटो मासा, असू शकतो. मोबाइलचा कॅमेरा धरून लेबलचं भाषांतर वाचाच.

तातामी:
चहाविधीसाठी हामारिक्यू बागेतलं तळ्यातलं चहाघर सोपं पडतं, तिथे माच्चा (हिरव्या चहाच्या पुडीचा घुसळलेला चहा) आणि गोड पदार्थ मिळतो.

क्रम असा. अंगठ्या, घड्याळ, ब्रेसलेट आधीच काढा, वाडग्यावर ओरखडे उठतात. स्वच्छ मोजे घाला, तातामीच्या (जमिनीवरच्या गवती चटयांच्या) काठावर पाय देऊ नका. गोड पदार्थ चहाच्या आधी पूर्ण संपवायचा. पुढे येणाऱ्या कडवटपणाची ती तयारी असते. वाडगा समोर आला की शेजारच्या पाहुण्याला 'ओसाकी नि' (तुमच्या आधी घेतो), मग यजमानांना 'ओतेमाए चोदाई इताशिमास' (तुम्ही केलेला चहा घेतो) म्हणून वाकायचं. वाडगा डाव्या तळव्यावर ठेवून उजव्या हाताने घड्याळाच्या दिशेने दोनदा थोडा फिरवा. वाडग्याचा दर्शनी भाग तुमच्याकडे असतो, त्यावर ओठ लावायचे नाहीत म्हणून हा फेरा. तीनेक घोटांत संपवा, शेवटचा आवाज करत ओढा. ओठ लागलेली कड बोटांनी पुसा, वाडगा उलटा फिरवून पूर्ववत करा आणि मग सावकाश न्याहाळा. ते न्याहाळणं विधीचाच भाग आहे, घाई करू नका.

वाटाड्या:
मनापासून आभार. गुडघ्यांना वज्रासन फार वेळ जमत नाही. आणि घरी परतल्यावर माच्चा करायचा तर प्रमाण काय?

तातामी:
बसण्याआधी सांगा, खुर्चीची किंवा छोट्या स्टुलाची सोय अनेक ठिकाणी होते. वज्रासनात बसलातच तर पाय बधिर असताना उठू नका. आधी पायाची बोटं दुमडून टाचांवर बसा, रक्त फिरू द्या.

घरी: २ ग्रॅम माच्चा आधी चाळून घ्या, नाहीतर गुठळ्या राहतात. पाणी ७० मिली, साधारण ८० अंश. उकळतं ओतलं की कडू होतो. बांबूची रवी (चासेन) आधी कोमट पाण्यात भिजवा, कोरडी वापरली तर काड्या मोडतात. ताकाच्या रवीसारखी गोल घुसळू नका, मनगटाने मागेपुढे भराभर हलवा, तळाला न घासता. फेस आला की रवी हलकेच वर उचला.