मदत हवी आहे: अवतरणचिन्ह कसं शिकवावं?

तिसरीच्या मुलांना विरामचिन्हं शिकवतेय. पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह पटकन जमलं. 'तू आलास.' 'तू आलास?' 'तू आलास!' हे मोठ्याने म्हणून घेतलं, की आवाजावरूनच मुलं चिन्ह ओळखतात. स्वल्पविरामाला हाताची एक टाळी ठेवलीय, तेही चालतं.

अडतंय ते दुहेरी अवतरणचिन्हापाशी. आई म्हणाली, "लवकर ये." इथे कुणी 'आई म्हणाली'लाही अवतरणात घेतं, कुणी सुरुवात करून शेवटचं चिन्ह विसरतं. 'आईने लवकर यायला सांगितलं' यातही चिन्ह टाकतात! चिन्ह वाचताना ऐकूच येत नाही, म्हणून असं होत असावं. नियम पाठ करून घ्यायचा नाहीये. बोललेले शब्द वेगळे दिसतील असा एखादा खेळ किंवा नाट्यीकरण कुणी वर्गात करून पाहिलंय का? कृपया सविस्तर सांगा.