गटातले माणूस अचानक गेल्यावर उरलेल्यांनी काय करावे?

प्रश्न

आमचा वाचकांचा लहानसा गट आहे. त्याची सगळी जुळवाजुळव करणारे गृहस्थ गेल्या महिन्यात हृदयविकाराच्या झटक्याने गेले. आदल्याच संध्याकाळी त्यांनी पुढच्या बैठकीची यादी पाठवली होती आणि वाचणाऱ्यांत पहिले नाव त्यांचेच होते. ती यादी बदलायला कोणाचा हात धजत नाही. काहींना बैठका लगेच सुरू व्हाव्यात असे वाटते, तर काहींना तो विचारही निर्दयपणाचा वाटतो, आणि यावरून दोघांनी एकमेकांशी बोलणे सोडले आहे. शिवाय आम्ही काही त्यांचे नातेवाईक नाही. मग इतके कोलमडून जाण्याचा आपल्याला अधिकार तरी आहे का, असेही मनात येते.

प्रतिसाद १

अधिकाराचा प्रश्न आधी घेतो, कारण तोच आतून पोखरतो. ज्या दुःखाला समाज उघडपणे मान्यता देत नाही, अशा दुःखाचा अभ्यास शोकाचे अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८०च्या दशकात मांडला. मित्र, सहकारी, शेजारी यांचे दुःख बहुधा याच प्रकारात मोडते. त्यांचे सांत्वन करायला कोणी येत नाही, म्हणून ते कमी असते असे नाही. तुम्ही एकमेकांचे सांत्वन करा, एवढे तरी तुमच्या हातात आहे.

प्रतिसाद २

त्या दोघांच्या अबोल्याविषयी लिहिते. शोकाचा अभ्यास करणाऱ्या मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये असे मांडले की शोकात असलेला माणूस कधी दुःखाला सामोरा जातो, तर कधी त्यापासून बाजूला होऊन रोजच्या कामाला लागतो आणि या दोहोंमध्ये सतत ये-जा करत राहतो. बैठक हवी म्हणणारा आणि नको म्हणणारा, दोघेही त्याच वाटेवर आहेत. फक्त आज वेगवेगळ्या ठिकाणी उभे आहेत. दुःखाचे पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार) क्रमाने पार पडतात, हा समजही कृपया सोडून द्या. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले तेव्हा त्यांच्यासमोर मृत्यूच्या दारात असलेले रुग्ण होते, मागे राहिलेले लोक नव्हते.

माझ्या मते बैठक घ्यावी, पण येण्याची सक्ती नसावी आणि न येणाऱ्याला कोणी कारण विचारू नये. यादी बदलू नका. त्यांच्या वाट्याचे पान कोणाला वाचावेसे वाटले तर वाचू द्या, नाहीतर तेवढा वेळ शांत बसा. घरच्यांना विचारल्याशिवाय मात्र त्यांच्या नावाने काहीही जाहीर करू नका.

प्रतिसाद ३

वरील मताशी सहमत आहे, एका सावधगिरीसह. सगळ्यांना गोल बसवून त्या दिवसाविषयी बोलायलाच लावणे टाळावे. आघातानंतर लगेच एकाच बैठकीत सगळे बोलून घेण्याची पद्धत पूर्वी फार वापरली जाई. तिचा उपयोग होत नाही आणि काहींना त्रासही होऊ शकतो, असे पुढे दिसून आले. ज्याला बोलायचे असेल त्याचे ऐकावे आणि गप्प राहणाऱ्याला तसेच राहू द्यावे. मात्र जो जेवत नाही, झोपत नाही किंवा जगण्यात अर्थ नाही असे म्हणतो, त्याला एकटे सोडू नये. त्याच दिवशी त्याच्यासोबत डॉक्टरांकडे जावे. एरवीही सहा महिन्यांहून अधिक काळ शोकाची तीव्रता ओसरत नसेल आणि दैनंदिन व्यवहार ठप्प झाले असतील, तर मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात अशा दीर्घकाळ लांबलेल्या शोकाची स्वतंत्र नोंद आहे आणि त्यावर उपचार होतात.