मदत हवी आहे : भाड्याच्या फ्लॅटमध्ये ढेकूण आणि वाळवी, खर्च कुणाचा?

कोथरूडकर
पुण्यात २ बीएचके, लिव्ह अँड लायसन्स, ११ महिन्यांचा नोंदणीकृत करार. दोन्ही पलंग आणि कपाट मालकांचं, गाद्या आमच्या. राहायला येऊन महिनाही झालेला नाही. पलंगाच्या फळ्यांच्या सांध्यांत ढेकूण निघाले आणि बाथरूमच्या लाकडी चौकटीवर वाळवीची मातीची नळी चढलेली दिसते. मालक म्हणतात, "ढेकूण तुमच्या गाद्यांतून आले, पेस्ट कंट्रोल तुम्हीच करून घ्या." करारात फक्त "किरकोळ दुरुस्ती लायसन्सी (म्हणजे आम्ही) करेल" एवढंच आहे. खर्च कुणी करायचा? आम्ही करून भाड्यातून कापला तर चालेल का?

कलम_कागद
भाड्यातून कापू नका, हे सगळ्यात आधी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ मध्ये तशी सोय आहे खरी: मालकाने घर राहण्याजोगं ठेवायचं, लेखी नोटीस देऊन किमान १५ दिवस थांबूनही त्याने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूने करून खर्च वळता करायचा, तोही वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. नेटवर हेच वाचून लोक भाडं कापतात. पण ते कलम भाडेकरूसाठी आहे आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा हा त्या अर्थाने भाडेकरू नसतो. तुमचे हक्क मुख्यतः करारातून येतात. परस्पर कापलं तर ती थकबाकी धरली जाईल आणि शेवटी डिपॉझिटमधून वजा होईल. वर मुदत संपायच्या आधीच करार मोडायला मालकांना आयतं कारण मिळेल.

आता दोन्ही गोष्टी वेगळ्या करा. चौकट इमारतीचा भाग आहे. वाळवीला "किरकोळ दुरुस्ती" म्हणणं मला अजिबात पटत नाही. नळाचा वॉशर, बल्ब, कडी-कोयंडा हे किरकोळ. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडे कायद्याच्या परिशिष्टातही बांधकामाशी संबंधित दुरुस्ती मालकाकडे आणि नळ, स्विच, ड्रेनची सफाई भाडेकरूकडे अशीच वाटणी आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण बोलणी करताना मोजपट्टी म्हणून दाखवता येतो. वाळवीचा खर्च मालकांचा, यावर ठाम राहा. ढेकणांचं मात्र पुराव्यावर ठरेल.

फवारा
पुरावा गोळा करायचा तर साफसफाईच्या आधी. गादी बाजूला करून पलंगाच्या फळ्यांची खालची बाजू, स्क्रूची भोकं आणि डोक्याकडच्या फळीची मागची बाजू टॉर्चने बघा. सांध्यातून जुनं एटीएम कार्ड फिरवा. तीन गोष्टी शोधायच्या: शाईच्या ठिपक्यांसारखे काळे डाग, पांढरट अंडी आणि टाकलेली कात.

कात सगळ्यात बोलकी. ढेकूण मोठा होईपर्यंत पाच वेळा कात टाकतो आणि प्रत्येक वेळी आधी रक्त प्यावं लागतं. भरपूर रक्त मिळालं आणि हवा गरम असली तरी अंड्यापासून पूर्ण वाढ व्हायला साधारण महिना-सव्वा महिना जातो. म्हणून स्क्रूच्या भोकांत लहान-मोठ्या मापाच्या कातींचे थर साचले असतील, तर ते महिन्याभरातलं काम नव्हे. आधी घर बंद होतं असं मालक म्हणाले, तर तो युक्तिवादही टिकत नाही, कारण मोठा ढेकूण रक्ताशिवाय काही महिने तग धरतो. उलट पलंग स्वच्छ आणि तुमच्याच गादीच्या शिवणीत डाग असतील, तर मालकांचं म्हणणं खरं असू शकतं, हेही मान्य करा. फोटो शेजारी नाणं ठेवून काढा. दोन-चार कात पारदर्शक टेपने कागदावर चिकटवून तारीख घाला.

उपचार एका फवारणीत संपत नाही. अंड्यांवर बहुतेक औषधांचा असर कमी आणि ती ६ ते १० दिवसांत फुटतात. म्हणून दुसरी फवारणी १० ते १५ दिवसांनी हवीच, आणि दोन्ही फवारण्या एकाच कोटेशनमध्ये लिहून घ्या. चादरी, अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात धुवा. गादी दुसऱ्या खोलीत नेऊ नका, तिथेही ढेकूण होतील. धुराचे डबे फोडू नका, किडे फटीत आणखी आत सरकतात. रॉकेल तर नकोच, आगीचा धोका आहे.

वाळवीची नळी फोटो काढण्याआधी पुसू नका. वरून स्प्रे मारला की नळी सुकते आणि वाळवी दुसरीकडून वर येते. रीतसर काम आयएस ६३१३ भाग ३ (बांधून झालेल्या इमारतींतल्या वाळवी-उपचाराचं भारतीय मानक) प्रमाणे: चौकटीभोवती भिंतीच्या सांध्यात ६ मिमीची भोकं, ४५ अंशांत खाली उतरती, १५ सेंमी अंतरावर, औषध भरून भोकं बंद. बाथरूमची चौकट आहे म्हणजे ओल कुठून येते तेही बघा. पाइप गळत असेल तर औषधानंतरही वाळवी परतेल. गळती वरच्या फ्लॅटमधून असेल तर सोसायटीलाही पत्र द्या.

कोथरूडकर
भोकांत खरंच वेगवेगळ्या मापाच्या काती आहेत, फोटो काढले. मालकांना काय लिहू?

कलम_कागद
ईमेल करा, व्हॉट्सॲपवरही तेच टाका:

"आपल्या फ्लॅटमधील आपल्या पलंगांत ढेकूण व बाथरूमच्या चौकटीला वाळवी आढळली. फोटो सोबत आहेत. कातींवरून ढेकूण आमच्या ताब्यापूर्वीचे दिसतात. कृपया १५ दिवसांत परवानाधारक पेस्ट कंट्रोलकडून दोन्ही उपचार आपल्या खर्चाने करून घ्यावेत. गाद्या व कपडे धुण्याचा खर्च आम्ही करू. आम्ही आधी खर्च करावा असे आपणास वाटत असल्यास, तो पुढील भाड्यातून वळता करण्यास लेखी संमती द्यावी."

शेवटचं वाक्य महत्त्वाचं. नुसतं "ओके, भाड्यातून कापा" आलं तरी तो मेसेज जपून ठेवा, मग कापायला हरकत नाही. फक्त "करून घ्या" ही कापायची संमती नव्हे.

फवारा
कंपनीकडे कृषी विभागाचा कीटकनाशक परवाना आहे का ते विचारा. बिलावर औषधाचं नाव, प्रमाण आणि दोन्ही तारखा लिहून घ्या. घरात बाळ, दमेकरी किंवा मत्स्यालय असेल तर आधी सांगा. वाळवीच्या हमीपत्रावर मालकांचं नाव आणि फ्लॅटचा पत्ता घालायला सांगा, म्हणजे तुम्ही घर सोडलं तरी हमी चालू राहते. खर्च करायला मालक बऱ्याचदा याच मुद्द्यावर तयार होतात.